पन्हाळ्याच्या वाटेवरचे गुऱ्हाळ

चाळिशी उलटली, की माणसाला दोन गोष्टींची नव्याने ओळख होते. एक आपल्या गुडघ्यांची आणि दुसरी कॉलेजातल्या मित्रांची. ही दोन्ही आपल्यापाशी आहेत, असे इतकी वर्षे आपण गृहीत धरून चाललेलो असतो. मग एक दिवस जिना चढताना गुडघा बोलतो, आणि एक दिवस कपाट आवरताना जुन्या वहीतले हस्ताक्षर बोलते. गुडघ्याचे निदान बरे. कुठे दुखते ते बोट ठेवून दाखवता येते. मित्राचे तसे नाही. तिथे दुखते हे कळते, पण बोट ठेवायचे धाडस होत नाही.

मी हे लिहितो आहे ते एका सहलीविषयी. सहल फार लांबची नव्हे. कोल्हापूरहून पन्हाळा, म्हणजे पुरते वीस किलोमीटर. दिवाळी अंकासाठी प्रवासवर्णन लिहिणारे लोक युरोपला जाऊन येतात, निदान काश्मीरला तरी. आमची मजल पन्हाळ्यापर्यंत. पण ते वीस किलोमीटर जायला मला एकवीस वर्षे लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही सातजण शिवाजी विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. झालो. साल २००३. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. सागरमाळावरच्या त्या उघड्या जागेत डॉ. आप्पासाहेब पवारांनी पहिले कुलगुरू म्हणून जी झाडे लावण्याचा ध्यास घेतला, त्यांची सावली आम्ही आयती उपभोगली. त्या सावलीत बसून आम्ही मराठी वाङ्मयाचे भवितव्य ठरवीत असू. आता त्या भवितव्याचे काय झाले ते मला विचारू नका. वर्गात बावीस नावे लावलेली असतात आणि समोर नऊ विद्यार्थी बसलेले असतात, एवढेच मी सांगू शकतो.

सातांची मूळ नावे सांगण्यात अर्थ नाही, कारण आम्हीही ती वापरीत नव्हतो. साहेब हा पहिल्यापासूनच साहेब होता. पुढे परीक्षा देऊन तो महसूल खात्यात गेला आणि त्याचे टोपणनाव सरकारमान्य झाले. डॉक्टर हा नाट्यगीतांवर प्रबंध लिहून झालेला डॉक्टर. अक्का आमच्यात वयाने सर्वांत लहान, पण दटावण्यात सर्वांत थोरली. ती इचलकरंजीला एका शाळेत शिकवते. शाहीर पोवाडे म्हणे; आता पुण्याला विम्याचे काम करतो आणि त्याच आवाजात हप्त्यांची आठवण करून देतो. कवी हा खरोखरच कवी होता. मला सगळे मास्तर म्हणत. आणि बापू.

बापूविषयी सांगायचे तर पानभर लागेल. एवढेच सांगतो, की पंडित कवींचे ज्याला मनापासून प्रेम आहे असा विसाव्या वर्षीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही नवकथेवर वाद घालायचो, तेव्हा बापू कोपऱ्यात बसून मोरोपंतांच्या आर्यांच्या मात्रा बोटांवर मोजायचा. घर पन्हाळ्याच्या वाटेवर, करवीर तालुक्यात. चार एकर ऊस आणि वडिलांचे गुऱ्हाळ. अंगाला काकवीचा वास. अक्का त्याला म्हणे, "बापू, तू परीक्षेला बसलास तर पेपरावर मुंग्या येतील."

*

कॉलेज सुटल्यावर मित्र सुटतात ते भांडणाने नव्हे. कुणाची बदली होते, कुणाला मूल होते, कुणाच्या आईचे दुखणे निघते. आज पत्र लिहू, उद्या लिहू, करता करता पत्र लिहिण्याची रीतच जगातून उठून जाते. मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांचा ग्रूप करतो. आमचा साहेबाने केला. त्यात रोज सकाळी सूर्योदय होतो, गुलाबाची फुले येतात, वाढदिवसाला केक येतो. तो कापता येत नाही आणि खाताही येत नाही. दहा वर्षे आम्ही एकमेकांना अशी फुले देत होतो, आणि सगळ्यांना वाटत होते, की आपली मैत्री टवटवीत आहे.

२०२१ च्या एप्रिलात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचा कवी गेला. आठ दिवसांत खेळ आटोपला. त्या दिवसांत कुणी कुणाच्या दारी जाऊ शकत नव्हते. आम्ही ग्रूपवर हात जोडलेली चित्रे टाकली. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याने एक कविता टाकली होती आणि आमच्यापैकी एकानेही ती वाचलेली नव्हती. ती नंतर वाचली. त्या रात्री साहेबाचा फोन आला. महसूल खात्यातला माणूस, कोरड्या आवाजाचा. म्हणाला, "मास्तर, आपण आता भेटायला हवं. राहिलेत तेवढ्यांनी."

राहिलेत तेवढ्यांनी भेटायलाही पुढे चार वर्षे गेली. एकाची निवडणुकीची ड्यूटी, एकीच्या मुलीची दहावी. अखेर गेल्या जानेवारीत, म्हणजे २०२५ च्या, एक रविवार सापडला. ठिकाण पन्हाळा. विद्यार्थी असताना आम्ही सगळे एकदा तिथे सायकलींनी गेलो होतो. ग्रूपवर साहेबाने विचारले, "बापू, येणार ना?" उत्तर आले नाही. बापू ग्रूपवर होता एवढेच. वर्षातून एकदा, दिवाळीला, लिहायचा, "सर्वांस शुभेच्छा." सर्वांस. त्यात मीही आलो का, हे मी दर वर्षी स्वतःला विचारीत असे.

निघायच्या आदल्या रात्री मी कपाटाच्या तळातून एक वही काढली आणि पिशवीत घातली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पुठ्ठ्यावर बापूच्या वळणदार अक्षरात एकच शब्द, "मोरोपंत".

*

आता ती गोष्ट सांगून टाकतो. सांगायला सोपी आहे, म्हणून इतकी वर्षे सांगितली नाही.

२००४ च्या जूनमध्ये एका कॉलेजात मराठीच्या अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली. एकच जागा आणि उमेदवारांची ही गर्दी. त्यांत बापू आणि मी. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी बापूच्याच घरी उतरलो होतो. जेवणे झाल्यावर बापू म्हणाला, "पंडिती काव्यात तुझं काही खरं नाही लेका. ही वही चाळ." मी रात्री दोनपर्यंत चाळली. सकाळी आम्ही दोघे निघालो, तेव्हा बापूचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू, पडवीत उभे होते. त्यांनी दोघांच्या हातावर गुळाचा एकेक खडा ठेवला. दोघांच्या. मोठा खडा कुणाला आणि लहान कुणाला, असे काही नाही.

मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न आला, "मोरोपंत बारामतीचे म्हणून प्रसिद्ध. मूळचे कुठले?" मी वही उघडावी तसा उघडलो. मोरोपंत पराडकर, जन्म पन्हाळगडावर. केशव आणि गणेश या पाध्ये बंधूंपाशी तिथेच अध्ययन. पुढे ऐन तारुण्यात बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीला. एकशे आठ रामायणे, आर्याभारत, केकावली. समितीतले एक वृद्ध गृहस्थ तर मान डोलावू लागले. माझ्या मागून बापू आत गेला. त्याला नवकवितेवर विचारले. माझा तो विषय. माझ्याही वह्या होत्या. त्या मी घरी ठेवून आलो होतो.

जागा मला मिळाली.

यात गुन्हा कोणता, असे तुम्ही विचाराल. मीही विचारून पाहिले आहे. मी चोरी केली नाही, वशिला लावला नाही. बापूने पेढा खाल्ला, पाठीवर थाप मारली. पुढे तो चौदा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होता. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे. सुटी लागली की पैसे बंद, आणि झालेल्या तासांचे पैसे कधी हाती येतील ते सांगता येत नाही. एका कॉलेजात सकाळचे दोन तास, दुसऱ्यात दुपारचा एक, मधे मोटारसायकल. कायम नेमणुकीच्या जागांची भरती वर्षानुवर्षे अडून राहिली, आणि पात्र माणसांची वये निघून गेली. असे हजारो आहेत; माझ्या स्टाफरूममध्येही आहेत. मी ज्या टेबलाशी बसतो त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ते बसतात, आणि मस्टरवर सही झाली की मी वर पाहत नाही.

२००७ साली बापूच्या लग्नाची पत्रिका आली. मी गेलो नाही. परीक्षेचे पर्यवेक्षण होते, असे कळवले. पर्यवेक्षण बदलून घेता येते हे ज्याला ठाऊक नाही असा मास्तर महाराष्ट्रात नाही. २०१८ मध्ये आबा गेले. मी निरोप पाठवला, चार ओळींचा, व्याकरणशुद्ध. त्याच वर्षी बापूने शिकवणे सोडले आणि गुऱ्हाळ हाती घेतले.

*

कोल्हापुरात सकाळी मिसळ खाऊन आम्ही पाचजण साहेबाच्या मोटारीतून निघालो. पंचगंगा ओलांडली, की दोन्ही अंगांना ऊस लागतो आणि वाऱ्याला एक गोडसर, धुरकट वास येऊ लागतो. उजव्या हाताला जोतिबाचा डोंगर दिसत राहतो. शाहीर बोलत होता, डॉक्टर झोपला होता. केर्लीच्या अलीकडे साहेबाने न विचारता मोटार एका कच्च्या रस्त्याला घातली.

"कुठं रे?" अक्का म्हणाली.

"बापूकडं. तो येत नसेल तर आपण जायचं."

माझ्या मांडीवरची पिशवी मला एकदम जड वाटू लागली.

गुऱ्हाळ ज्याने पाहिले नाही त्याला ते सांगून कळायचे नाही, पण थोडक्यात सांगतो. एका बाजूला घाणा उसाचा रस काढतो. रस पन्हळीतून मोठ्या काईलीत येतो. काईल म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी लोखंडी कढई. खाली चुलवाणात रस काढून वाळलेली चिपाडे जळत असतात. म्हणजे ऊस स्वतःच्याच जाळावर शिजतो. रस तापला की रानभेंडीच्या खोडाचे बुळबुळीत पाणी त्यात सोडतात. सगळा गाळ वर येतो. ही मळी झाऱ्याने काढत राहायचे. एकेका काईलीला आदण म्हणतात आणि एक आदण उतरायला अडीच-तीन तास लागतात. शेवटची पाच मिनिटे मात्र सगळ्यांची जीभ बंद. रस फुगतो, फुटतो, रंग बदलतो. गुळव्या चिमूटभर पाक पाण्यात टाकून बोटाने त्याची गोळी पाहतो आणि हात वर करतो. त्या खुणेसरशी काईल उतरून वाफ्यात ओतायची. अर्धे मिनिट आधी झाले तर गूळ मऊ राहतो, अर्धे मिनिट उशीर झाला तर करपतो. घड्याळ नाही, यंत्र नाही, सगळे त्या एका माणसाच्या बोटावर.

आम्ही पोचलो तेव्हा तो हात वर करणारा माणूस बापू होता. डोक्याला टॉवेल, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्याने आमच्याकडे पाहिले, पण गोळी पाण्यात होती. काईल उतरेपर्यंत तो आमचा नव्हता. पाक वाफ्यात पसरला, माणसे फावड्यांनी तो हलवू लागली, मग तो घाम पुसत आला.

"आला व्हय रे सगळी! बसा की. ए, रस आण गं सगळ्यांना, आलं पिळून."

त्याने साहेबाला मिठी मारली, शाहिराला गुद्दा मारला, अक्काला "किती वाळलीस" म्हणाला. माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "काय मास्तर, बरं आहे ना?" एवढेच. त्या 'बरं आहे ना'मध्ये राग असता तर मला सोसला असता.

आम्ही रस प्यालो, गरम गूळ शेंगदाण्यांबरोबर खाल्ला. बापू सांगत होता. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीत गुळाची पेठ बसवली, तेव्हापासून हा धंदा चालला. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने चुलवाण पेटत नाही. ऊस कारखान्याला जातो, माणसे मिळत नाहीत, शेजारची गुऱ्हाळे एकेक करून बंद पडली. त्याच्या सांगण्याला वर्गात शिकवणाऱ्याची शिस्त होती. मुद्दा, दाखला, पुढचा मुद्दा. चौदा वर्षांची सवय.

"चल वर," साहेब म्हणाला.

"आणखी दोन आदणं आहेत. जाळ सोडून येता येत नाही रे," बापू म्हणाला. आम्ही निघालो. पिशवीतली वही पिशवीतच राहिली. चारचौघांत कशी काढायची, असे मी मनाशी म्हटले. मनाशी म्हणायला मला नेहमीच काहीतरी सापडते.

*

वाघबिळापाशी रत्नागिरीचा रस्ता सोडून घाट लागतो आणि वळणे घेत पन्हाळ्यावर पोचतो. जिथून आत शिरतो तिथे पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. आता तिथे बाजीप्रभूंचा पुतळा दोन्ही हातांत तलवारी घेऊन उभा आहे. या गडाला किती धनी झाले! भोज राजा, बहामनी, आदिलशहा, मराठे, मोगल, पुन्हा मराठे. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने अवघी साठ माणसे घेऊन तो एका रात्रीत जिंकला. पण मराठी माणसाच्या मनात पन्हाळा म्हणजे १६६० च्या जुलैची ती पावसाळी रात्र. सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, दोन पालख्या, एकीत महाराज आणि दुसरीत महाराजांचा वेष घेतलेला शिवा काशिद. एक पालखी विशाळगडाकडे गेली, दुसरी मुद्दाम शत्रूच्या हाती लागली.

शाहिराने त्या पुतळ्यापाशी उभा राहून पोवाड्याचा आवाज लावला. चार पर्यटक जमले. मी बाजूला होतो. दुसऱ्याच्या जागी जाऊन बसणारा आणि त्यासाठी प्राण देणारा एक माणूस या गडाने पाहिला. दुसऱ्याच्या वहीवर जागा मिळवून एकवीस वर्षे पगार घेणाराही त्या दिवशी त्याने पाहिला. अशी तुलना करू नये हे मला कळते. पण मन काही नेमलेल्या पाठ्यपुस्तकातूनच दाखले देत नाही.

आम्ही अंबरखाना पाहिला. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन प्रचंड कोठ्या. पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. दगडी भिंतींच्या आत इतका गारवा, की डॉक्टरला शिंका येऊ लागल्या. अंधारबाव पाहिली. वरून साधी इमारत वाटते आणि आत तीन मजले खाली पाणी. सज्जाकोठीवर संभाजीराजांची आठवण निघाली. तीन दरवाजाच्या कोरीव कामापाशी अक्काने सगळ्यांचे फोटो काढले. पोटे आत घेण्याचा हुकूम सोडला. झाडाखाली बसून झुणका-भाकरी, खरडा आणि दही खाल्ले. वाढणारी बाई म्हणाली, "घ्या की अजून, शाळेतली दिसताय सगळी." आम्हाला फार बरे वाटले. नंतर कळले, की तिला आम्ही शिक्षक दिसलो होतो.

जेवणानंतर बाकीचे सावलीत आडवे झाले. मी एकटा मोरोपंत ग्रंथालयाकडे गेलो. पन्हाळ्यावर त्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. १७२९ साली या गडावर जन्मलेला हा मुलगा चोविसाव्या वर्षाच्या सुमारास गड उतरला आणि १७९४ साली बारामतीला वारला. इतक्या ओळी लिहिणाऱ्या माणसाला शेवटी मागे राहिलेल्या गावाविषयी काय वाटत असेल? माझे विद्यार्थी मोरोपंतांना नुसती शब्दांची कसरत म्हणतात. मीही वर्गात फारसा विरोध करीत नाही. बापू असता तर त्याने बोटांवर मात्रा मोजत मोजत त्या कसरतीच्या आतला माणूस दाखवला असता. ते तास त्याचे होते. एकवीस वर्षे मी ते निभावून नेले.

*

संध्याकाळी आम्ही पुसाटी बुरुजावर बसलो होतो. पश्चिमेला डोंगरांच्या रांगा एकीमागे एक निळ्या होत चालल्या होत्या. वारा बोचू लागला होता. कुणीतरी कवीचे नाव काढले आणि सगळे गप्प झाले. इतक्यात मोटारसायकलचा आवाज आला. बापू. अंगावर धुतलेला सदरा, हातात कागदात बांधलेली ढेप.

"दोन्ही आदणं उतरवली आणि आलो," तो म्हणाला. "एक जरा लाल झालंय. तुमच्या पायी."

कवीची ती शेवटची कविता अक्काने मोबाइलवरून वाचून दाखवली. चार वर्षांनी का होईना, सगळ्यांनी मिळून ऐकली. मग चहा पाहायला म्हणून ते चौघे खाली गेले. साहेबाने त्यांना मुद्दाम नेले, हे मला आता कळते. मी पिशवी उघडली.

"बापू, हे तुझं. राहिलं होतं."

त्याने वही हातात घेतली. पुठ्ठा पाहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अक्षर बघ माझं कसलं होतं! आता पावती लिहिली तर व्यापारी परत विचारतो."

मी म्हणालो, "त्या जागेचं—"

"जागेचं सोड," तो म्हणाला. "वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. सहा महिने वाटलं. पण एक जागा, दोघांपैकी एकाला नाही तर तिसऱ्याला जायचीच. तुला गेली ते बरं झालं, असंही वाटलं कधी कधी." तो थांबला. "लग्नाला आला नाहीस तू. आबा मांडवात विचारत होते, 'मास्तर कुठं आहे?' पेपरांवर ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. पुढच्या दिवाळीला विचारलं. त्याच्या पुढच्या. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू यायची नाहीत, तरी मोटारीचा आवाज आला की विचारायचे, 'तो वही वाचत बसलेला पोरगा आला काय?' काय सांगायचं मी?"

मला बोलता येईना. इतकी वर्षे मी समजत होतो, की मी बापूची नोकरी घेतली म्हणून मला त्याच्यासमोर उभे राहवत नाही. ती माझी लाज मी सांभाळून ठेवली होती, आणि तिच्या आड बसून एका म्हाताऱ्याला वाट पाहायला लावली होती. नोकरी मी घेतली नव्हती. हे दुसरे मात्र मीच केले होते, आणि ते परत करायला आबा राहिले नव्हते.

मी एवढेच म्हणालो, "चुकलं, बापू."

"चुकलंच," तो म्हणाला. त्याने ते नाकारले नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

अंधार पडला होता. त्याने मोबाइलचा दिवा लावला आणि वही चाळू लागला. एका पानावर थबकला. मान वाकडी करून पाहिले.

"मास्तर, इथं मी साल चुकवलंय. मोरोपंतांचा जन्म १७२९. मी १७२७ लिहिलंय. तू मुलाखतीत काय सांगितलंस?"

"तुझंच सांगितलं."

"सत्तावीस?"

"सत्तावीस."

"आणि तो म्हातारा मान डोलवत होता?"

"डोलवत होता."

बापू हसायला लागला. आधी हळू, मग त्याला ते आवरेना. "म्हणजे चुकीच्या सालावर तुला लावलं! आणि आम्ही चौदा वर्षं बरोबर साल सांगत हिंडलो!" बुरुजावर त्याचे हसणे घुमले. चहा घेऊन येणारे चौघे खालीच थबकले. मीही हसत होतो आणि डोळे पुसत होतो. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात ते साल मी पुस्तकात पाहून सुधारले होते. पण वहीत सुधारायला हात झाला नव्हता.

"पेन दे," बापू म्हणाला. मास्तराच्या खिशात पेन असतेच. त्याने सत्तावीस खोडून एकोणतीस केले आणि वही काखेत मारली. "थोरलीला देतो. बारावीला आहे. तिला मराठी घ्यायचंय म्हणते. नको म्हणून सांगायला तू ये घरी."

त्या रात्री बाकीचे कोल्हापूरला गेले. मी बापूच्या मोटारसायकलवर मागे बसून घाट उतरलो. पडवीत दिवा होता. आबांच्या फोटोला हार होता. बापूची आई दाराशी आली, डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि म्हणाली, "आलास व्हय? हातपाय धू. भाकरी गार हुतीया." मी फोटोसमोर जरा वेळ उभा राहिलो. मग हातपाय धुतले.

*

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत पन्हाळा आहे. ग्रूपवर अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला. त्यात बापूचा निरोप आला, दिवाळी नसताना: "झुणका-भाकरीचा दर वाढू नये, ही युनेस्कोस विनंती." आता आम्ही रविवारी बोलतो. दर रविवारी जमत नाही. ज्या रविवारी जमत नाही त्या रविवारी मी तसे कळवतो आणि खरे कारण कळवतो. एवढा एक नेम मी या वयात लावून घेतला आहे.

थोरलीने मराठीच घेतले. मी नको म्हणून सांगायला गेलो होतो, आणि दोन तास तिला आर्येच्या मात्रा मोजून दाखवून परत आलो. तीन ठिकाणी चुकलो. बापूने सुधारले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बापूचे चुलवाण पेटायच्या बेतात असेल. हंगामाचे पहिले आदण उतरेल त्या दिवशी मी जाणार आहे. रजेचा अर्ज देऊन ठेवला आहे. त्यात कारण लिहिले आहे, "घरगुती."